सॉल्व्हंटचा हिशेब द्या, मुदत ६० दिवस

तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम आणि कुरकुंभ इथल्या ज्या कारखान्यांत टोल्युइन, मेथनॉल, एमडीसी (मेथिलीन डायक्लोराइड), अ‍ॅसिटोन, हेक्झेन किंवा इथाइल अ‍ॅसिटेट टँकरने वा ड्रमाने येते, त्या प्रत्येक कारखान्याच्या मालकाला, संचालकांना आणि प्लँट हेडला हा जाहीर इशारा आहे.

हा अंक हाती पडल्यापासून ६० दिवस मोजा. तेवढ्या मुदतीत गेल्या आर्थिक वर्षाचा सॉल्व्हंटचा हिशेब गेटवरच्या फलकावर मराठीत लावा. किती आले, किती परत मिळवले, किती घातक कचरा म्हणून बाहेर गेले, किती सांडपाण्यात उतरले आणि उरलेले कुठे गेले, हे सगळे त्यात हवे. प्रत्येक सॉल्व्हंटचा आकडा वेगळा आणि किलोत द्या. टक्केवारी आम्हाला नको. हिशेब लागला नाही, तर तो आम्ही तुमच्याच कागदांवरून मांडू आणि कायद्याच्या दारात नेऊ. आम्ही म्हणजे वसाहतीच्या कुंपणाला लागून राहणारी कुटुंबे, आत पाळीवर जाणारे कामगार, आणि रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर उमेदीची वर्षे घालवलेले माझ्यासारखे काही जण. आत काय चालते हे आम्हाला सांगोवांगी कळलेले नाही.

मुदत साठच दिवसांची का? हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ मधल्या कलम ४३ प्रमाणे कोणीही नागरिक प्रदूषण नियंत्रण मंडळाला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात स्वतः तक्रार दाखल करू शकतो. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम १९ मध्येही हीच मुदत आहे. कलम ४३ पुढे असेही सांगते, की अशी तक्रार दाखल झाल्यावर तक्रारदाराने मागितले तर मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे. सार्वजनिक हिताचे कारण दाखवून मंडळ नकार देऊ शकते. तो नकार आला तर आम्ही तोही न्यायालयापुढे ठेवू.

आता तुमच्या नेहमीच्या उत्तराकडे वळतो. ‘आमची रिकव्हरी ९५ टक्के आहे.’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात हा आकडा अट म्हणून येतो, सहामाही अहवालात तो पूर्तता म्हणून परत जातो, आणि या दोन कागदांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी वजनकाटा येतच नाही. तरीही क्षणभर तो खरा धरू. समजा एका बॅचला ५ टन टोल्युइन लागते आणि महिन्याला ६० बॅच निघतात. म्हणजे ३०० टन टोल्युइन प्लँटमधून फिरले. त्यातले ९५ टक्के खरोखर हाती आले तरी १५ टन गेले. वर्षाचे १८० टन झाले. २० टनी टँकर धरला तर नऊ टँकर. हे नऊ टँकर कुणाच्या फुप्फुसात, कुठल्या नाल्यात, कुठल्या भट्टीत गेले ते सांगा, एवढेच आमचे मागणे आहे.

दर फेरीला पाच टक्के घट धरली तर चौदा फेऱ्यांत मूळ सॉल्व्हंट निम्मे उरते. म्हणून तर नवा टँकर मागवावा लागतो. गोदामातला साठा वर्षानुवर्षे तेवढाच राहतो आणि तयार मालातून सॉल्व्हंट जवळजवळ बाहेर जात नाही. मग मेकअप म्हणून, म्हणजे घट भरून काढायला, विकत घेतलेला प्रत्येक किलो हा कुठून तरी निसटलेला किलो आहे. वाण्याच्या वहीतला जमाखर्च जसा मांडतात तसा हा मांडायचा आहे, त्याला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मेथनॉल जिथे अभिक्रियेतच खर्च होते तिथे तेवढे वजा करा, आमची हरकत नाही. जे वापरलेले सॉल्व्हंट अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेले, त्याच्या मॅनिफेस्टचे क्रमांक द्या. ते आणि घातक कचऱ्यात गेलेले वजा करून जे उरेल ते तुमचे उत्सर्जन. खरेदीची वही चिमणीच्या अहवालापेक्षा जास्त खरे बोलते, आणि ती तुमच्याच टेबलावर आहे.

सॉल्व्हंट निसटते कुठे, हे तुम्हाला ठाऊक नाही असे मी मानत नाही. तरी लिहितो, कारण हा इशारा कुंपणाबाहेरचे लोकही वाचणार आहेत.

एमडीसीचे उदाहरण घ्या. ती ४० अंशांना उकळते. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत कूलिंग टॉवरचे पाणी ३० अंशांच्या खाली येत नाही. ज्या कंडेन्सरमध्ये फक्त तेच पाणी फिरते, त्याच्या व्हेंटमधून ३० अंशांना बाहेर पडणाऱ्या वायूत दोन तृतीयांशाहून जास्त एमडीसी असते. एक घनमीटर नायट्रोजन आत सोडला तर तो बाहेर जाताना सुमारे साडेसात किलो एमडीसी सोबत नेतो. त्याच व्हेंटवर ब्राईनचा, म्हणजे गार केलेल्या खाऱ्या पाण्याचा, दुसरा कंडेन्सर बसवून वायू उणे १५ अंशांपर्यंत थंड केला, तर तेवढाच नायट्रोजन किलोच्या जेमतेम एक तृतीयांश एवढी एमडीसी नेतो. म्हणजे वीस पटींहून जास्त फरक. यात कुठलेही गुपित नाही. बाष्पदाबाचा तक्ता प्रत्येक डिप्लोमाच्या मुलाने वाचलेला असतो. रिअ‍ॅक्टरला आणि साठवण टाक्यांच्या व्हेंटला चिल्ड ब्राईनचे कंडेन्सर जोडा, ही अट अशा कारखान्यांच्या पर्यावरण मंजुरीत हमखास असते. पंपांना मेकॅनिकल सील, टाक्यांना ब्रीदर व्हॉल्व्ह आणि फ्लेम अरेस्टर, सॉल्व्हंट हाताळण्याच्या प्रत्येक जागी अर्थिंग, याही अटी त्याच पत्रात असतात. त्या तुम्ही मान्य केल्या म्हणून उत्पादनाला परवानगी मिळाली. ब्राईनचा कॉम्प्रेसर वीज वाचवण्यासाठी बंद ठेवणे म्हणजे त्या पत्राचा भंग आहे. लॉगशीटवर उणे दहा लिहून ठेवल्याने वायू थंड होत नाही.

स्क्रबरची गोष्ट याहून वाईट. तपासणीला अधिकारी आले की त्यांना स्क्रबर दाखवला जातो, पंप चालू असतो, पाणी पडत असते. पण टोल्युइन, हेक्झेन आणि एमडीसी पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. पाण्याचा किंवा कॉस्टिकचा स्क्रबर आम्लाच्या वाफेसाठी ठीक आहे. या तिघांच्या वाटेत तो उभा आहे एवढेच, अडवत काहीच नाही. मेथनॉल आणि अ‍ॅसिटोन मात्र पाण्यात विरघळतात, आणि मग ते पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, जाते. तिथे आधी स्ट्रिपर नसेल तर एअरेशनची हवा त्यातले बरेच सॉल्व्हंट पुन्हा वर काढते. व्हेंटमधून जायचे ते उघड्या टाकीवरून गेले. कागदावर मात्र प्रदूषण नियंत्रण यंत्रणा बसली.

मोजमापाबद्दलही आता आम्हाला फसवू नका. गेटवर हातातले मीटर धरून शून्य दाखवण्याची पद्धत बंद करा. हातात धरायच्या बहुतेक पीआयडी (फोटोआयनायझेशन) मीटरमध्ये १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असतो. त्या दिव्याला मेथनॉल दिसत नाही, एमडीसीही दिसत नाही. या दोन वाफांपुढे ते मीटर आंधळे आहे. बॉयलरच्या धुराड्याचा अहवाल तर पुढे करूच नका. सॉल्व्हंट बॉयलरमधून जात नाही. आणि ‘वास कुठे येतोय’ हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नका. टोल्युइनचा वास लवकर येतो. एमडीसीचा वास येईपर्यंत माणूस सुरक्षित मर्यादेच्या पार पलीकडे गेलेला असतो.

हे सगळे सर्वात आधी ज्याच्या अंगावर येते तो ठेकेदाराचा हेल्पर असतो. सेंट्रिफ्यूजचे झाकण उघडून ओला केक फावड्याने काढणारा, मॅनहोलमधून ड्रम ओतणारा, ट्रे ड्रायरचे दार उघडणारा. त्याच्या तोंडावर कापडी मास्क असतो, आणि कापड वाफ अडवत नाही. एमडीसीपुढे तर साधे कार्ट्रिजही फार वेळ टिकत नाही, तिला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. एमडीसीचा काही भाग शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे ज्याचे हृदय आधीच दुखरे आहे त्याला ती दुप्पट महाग पडते. मेथनॉल डोळ्यांच्या मज्जातंतूवर जाते. हेक्झेन हातापायांच्या नसा मारते. चीनमधल्या सुझोऊ इथे मोबाइलचे पडदे पुसण्यासाठी ते वापरले गेले, आणि २०११ मध्ये ॲपलने आपल्या पुरवठादाराच्या कारखान्यात १३७ कामगारांना बाधा झाल्याचे मान्य केले. जपानमधल्या ओसाका शहरात एका छपाईच्या कारखान्यातल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. हा रोग सहसा म्हातारपणी होतो. तिथे छपाईचे रोलर पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन वापरले जात होते, काही काळ एमडीसीही. पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १,२-डायक्लोरोप्रोपेन हे माणसाला कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात टाकले. तिथे निदान कोणीतरी रुग्णांची यादी केली. आपल्याकडे ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, आणि आजारी पडलेला मुलगा बिहारला किंवा मराठवाड्यात आपल्या गावी निघून जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून हिशेबाच्या फलकाबरोबर आमची दुसरी मागणी ही, की सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल त्याच्या हातात द्या. तो फाइलमध्ये ठेवण्यासाठी नसतो.

वाफेचा दुसरा चेहरा आगीचा. २१ ऑगस्ट २०२४ ला आंध्र प्रदेशातल्या अच्युतापुरम सेझमध्ये एका औषध कारखान्यात एमटीबीई हे सॉल्व्हंट गळले, वाफेचा ढग झाला, त्याला ठिणगी मिळाली आणि १७ माणसे मेली. दुपारची वेळ होती, प्लँट नेहमीसारखा चालू होता. डोंबिवलीचे २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट, महाडचा ३ नोव्हेंबर २०२३ चा स्फोट, या सगळ्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि ती सगळी सॉल्व्हंटच्या खाती मी घालणार नाही. पण सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. टोल्युइनची तिप्पट जड. ती जमिनीलगत सरपटत जाते, गटारात उतरते, खड्ड्यात साचते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण सव्वा टक्क्यावर गेले की एक ठिणगी पुरते. प्लास्टिकच्या ड्रमातून टोल्युइन ओतताना स्थिर विद्युत तयार होते आणि ठिणगी तिथल्या तिथे मिळते. रोज निसटणारे सॉल्व्हंट आणि एका दिवशी पेटणारे सॉल्व्हंट एकाच मॅनहोलमधून येतात. उत्सर्जन हा पर्यावरण विभागाचा विषय आणि आग हा सेफ्टी विभागाचा, ही तुमच्या ऑफिसातली वाटणी आहे. वाफेला ती ठाऊक नाही.

म्हणून पहिल्या १५ दिवसांत ज्याला जवळपास पैसाच लागत नाही ते करा. मॅनहोलची झाकणे बंद ठेवा. ड्रम ओतणे थांबवा, बॉण्डिंगची तार लावून पंपाने आणि तळापर्यंत जाणाऱ्या डिप पाइपने सॉल्व्हंट आत घ्या. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा टाकून ठेवण्याची सवय मोडा, कारण जेवढा नायट्रोजन जास्त तेवढे सॉल्व्हंट बाहेर. दाबावर चालणारे ब्लँकेटिंग लावले की तोच नायट्रोजन कितीतरी कमी लागतो. आणि रात्री व्हेंट उघडणे बंद करा. थंडीच्या रात्री हवा वर चढत नाही, वाफ वस्तीत बसून राहते. रात्रपाळीत कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो, हे आत काम करणारी माणसे आता लिहून ठेवत आहेत.

६० दिवसांत ब्राईनचे कंडेन्सर चालू हवेत, आणि त्यांचे तापमान ब्राईनच्या लाइनवर मोजू नका. कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान मोजा आणि ते कंट्रोल रूममध्ये नोंदले जाऊ द्या. ब्राईन थंड असून वायू गरम निघतो, असे प्लँट मी पाहिले आहेत. कंडेन्सरला पुरेसे क्षेत्रफळ नसले की असे होते.

मोठ्या बदलांना आम्ही सहा महिने देतो, आणि ते पुरेसे आहेत. पाण्यावर चालणारे व्हॅक्यूम पंप सॉल्व्हंट पाण्यात मिसळतात, त्यांच्या जागी ड्राय पंप आणि पुढे कंडेन्सर बसवा. उघड्या सेंट्रिफ्यूज आणि ट्रे ड्रायरऐवजी बंद फिल्टर ड्रायर आणा. टँकर उतरवताना टाकीतली वाफ टँकरमध्ये परत नेणारी लाइन जोडा. फ्लँज, सील, व्हॉल्व्ह यांची गळती तपासणी दर तीन महिन्यांनी करा, योग्य मीटरने. जिथे वायूत सॉल्व्हंट फार विरळ आहे तिथे कार्बन बेड, म्हणजे कोळशाची पेटी, लागेल. पण अ‍ॅसिटोन आणि एमईके यांसारखे कीटोन कार्बनवर उष्णता सोडतात, आणि बेडमध्येच आग लागल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर जाऊन पेटी बसवू नका, आधी डिझाइन तपासून घ्या. कोळशाची पेटी बसवली आणि दुसरी दुर्घटना ओढवून घेतली, असे झाले तर ती जबाबदारीही तुमचीच.

लहान कारखानदार म्हणतील, ‘हे मोठ्यांना परवडते.’ त्यांची अडचण खरी आहे आणि मी ती झटकून टाकत नाही. एका रिअ‍ॅक्टरच्या मालकाला ब्राईनचा प्लँट एकट्याने घालणे जड जाते. पण सांडपाण्यासाठी तुम्ही सामायिक सीईटीपी उभारलीत, तशी सॉल्व्हंटसाठी सामायिक ब्राईन किंवा सामायिक डिस्टिलेशन का उभारत नाही? तुमच्या असोसिएशनच्या बैठकीत हा विषय ठेवा आणि ठराव करा. ठराव झाला, जागा ठरली, काम सुरू झाले, तर सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल आम्ही बोलायला तयार आहोत. हिशेबाच्या ६० दिवसांबद्दल मात्र तडजोड नाही. हिशेबाला ब्राईन लागत नाही.

दुसरा इशारा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वात वरचे होते. तेव्हापासून गेलेल्या वर्षांत एकाही वसाहतीतल्या सॉल्व्हंटचा कारखानानिहाय ताळेबंद लोकांपुढे आला, असे आमच्या माहितीत नाही. मंडळाकडे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक कारखान्याचे पर्यावरण विवरण, फॉर्म पाच, येते. त्यात कच्च्या मालाचा वापर असतो. ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण येते. १ जून आणि १ डिसेंबरला पर्यावरण मंजुरीचे सहामाही अहवाल येतात. हे तीन कागद एका टेबलावर ठेवले तर एका दुपारीत कळेल की कुणाची ९५ टक्के रिकव्हरी खरी आहे. युरोपीय संघात हा सॉल्व्हंटचा वार्षिक ताळेबंद कारखान्याला द्यावाच लागतो, आणि चिमणीतून न जाता फटीतून, झाकणातून, सांडपाण्यातून उडणारी वाफही त्यात धरावी लागते. आपल्याकडचे कित्येक कारखाने त्याच युरोपला माल पाठवतात. तिथल्या खरेदीदारांनी मागितला की हे कारखाने ताळेबंद देतात, मग तो तारापूरच्या किंवा लोट्याच्या माणसाला का मिळू नये? हवा कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये वीज आणि पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार मंडळाला आहेत. ते वापरायचे की नाही हे तुम्ही ठरवा. न वापरल्याचे कारण मात्र तुम्हाला शपथेवर सांगावे लागेल.

एकसष्टाव्या दिवसापासून काय होईल ते स्पष्ट सांगतो. ज्या गेटवर फलक नसेल किंवा ज्या फलकावर फक्त टक्केवारी असेल, त्या प्रत्येक कारखान्याविरुद्ध कलम ४३ ची नोटीस पोचपावतीसह टपालाने मंडळाकडे जाईल. सोबत फॉर्म पाच आणि मंजुरीपत्रातल्या अटी समोरासमोर मांडलेला तक्ता असेल. नोटिशीची मुदत संपली की तक्रार. ज्या वस्तीत नुकसान दाखवता येईल तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठापुढे कलम १५ खाली भरपाईचा अर्ज जाईल. पाच वर्षे मागे जाऊन भरपाई मागता येते, आणि अपघात झाला असेल तर दोष सिद्ध करण्याची गरज कायद्याने ठेवलेली नाही. तक्त्याची प्रत तुमच्या बँकेला, तुमच्या विमा कंपनीला आणि तुमच्या परदेशी खरेदीदाराला इंग्रजीत जाईल. रात्रपाळीत लिहून ठेवणाऱ्या कामगारांपैकी एकालाही कामावरून काढले, तर त्याची वेगळी तक्रार कामगार आयुक्तांकडे त्याच आठवड्यात जाईल.

साठाव्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रत्येक गेटचा फोटो तारखेसह घेतला जाईल. ज्यांचा फलक त्याआधी लागेल त्यांनी त्यावर आकडे तपासलेल्या माणसाचे नाव, हुद्दा आणि सही असू द्यावी. सही नसलेला फलक लागलेला नाही असेच धरले जाईल.